संमतीच्या शिक्क्यास, तंजावरहून

कॉमिक्स कोडच्या शिक्क्या,

तुला नमस्कार लिहीत नाही. पन्नासहून जास्त वर्षं पोरांच्या हातातल्या पुस्तकावर ठाण मांडून ज्याने कोण माणसात जमा आणि कोण नाही हे ठरवलं, त्याला नमस्कार करायची आमच्या घरात रीत नाही.

तू दिसायला पोस्टाच्या तिकिटाएवढा. पांढरं अंग, दातेरी कडा, मधोमध इंग्रजी ‘ए’, आणि कॉमिक्स कोड ऑथॉरिटीने हे पुस्तक मान्य केलं आहे अशी ग्वाही. बॅटमॅन गच्चीवरून झेप घेत असो की सुपरमॅन आगगाडी उचलत असो, मुखपृष्ठावर तू असायचासच. तू नसलास तर घाऊक विक्रेते माल घेईनात. कायद्याने तुला काडीचाही अधिकार दिलेला नव्हता. प्रकाशकांनी घाबरून तुला जन्माला घातलं आणि मग आपणच तुझ्यापुढे माना तुकवल्या. सरकारी बंदी असती तर कुणी कोर्टात तरी गेलं असतं. तुझ्याविरुद्ध दाद कुठे मागायची?

मी तंजावरचा. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी घरं कावेरीकाठी आली आणि इथलीच होऊन गेली, त्यांतल्या एका घरातला. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी. कॉमिक्सही तशीच तिन्ही भाषांतली: शिवकाशीहून येणारी मुत्तू आणि लायन कॉमिक्स तमिळमध्ये, मुंबईच्या नातेवाइकांनी आणलेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीत, आणि रद्दीवाल्याकडे सापडणारी अमेरिकन कॉमिक्स, तुझ्यासकट. आणि मी समलिंगी आहे. हे सगळं एका दमात सांगतो, कारण यातलं फक्त शेवटचं तुला खुपलं असतं.

तमिळ पोरांचा लाडका होता ‘इरुंबुक्कै मायावी’, पोलादी हाताचा माणूस. विजेचा झटका बसला की तो अदृश्य व्हायचा, पोलादी हात तेवढा हवेत दिसत राहायचा. मूळचा ब्रिटिश, पण आमच्या लेखी शिवकाशीचाच. त्याच्यावर माझा एवढा जीव का होता ते मला पुष्कळ नंतर उमगलं. सबंध माणूस लपलेला आणि चारचौघांत चालेल तेवढाच भाग दिसणारा, हे तर मी रोज जेवणाच्या पानावर बसून करत होतो. तुझ्या कॉमिक्समध्येही मी तेच शोधायचो आणि मला ते सापडायचं नाही. ते सापडू नये याची व्यवस्था तू माझ्या जन्माआधीच करून ठेवली होतीस.

तुझ्या जन्माची हकिगत मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. 1954 साली अमेरिकेत सिनेटच्या उपसमितीने कॉमिक्स आणि बालगुन्हेगारी या विषयावर सुनावणी घेतली. साक्षीला आले फ्रेडरिक वर्थम, न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ. त्याच वर्षी त्यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसन्ट’ हे पुस्तक आलं होतं. बॅटमॅन आणि रॉबिन आलिशान घरात एकत्र राहतात, मोठाल्या फुलदाण्यांत फुलं असतात, म्हणजे हे दोन समलिंगी पुरुषांच्या सहजीवनाचं स्वप्न आहे, असा त्यांचा निष्कर्ष. लाखो मुलांना त्या घरात गुहा दिसली, गाडी दिसली. डॉक्टरांना फुलदाणी दिसली. आणि समजा ते स्वप्न होतंच, तर ज्याला दुसरं कुठलंच स्वप्न कुणी दाखवत नव्हतं त्या पोराच्या हातून तेवढंही का काढून घ्यायचं? हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला प्रकाशकांच्या संघटनेने नियमावली मंजूर केली. लैंगिक विकृती तर नकोच, तिची नुसती सूचनाही नको, असा त्यात सक्त नियम होता. ‘विकृती’ म्हणजे आम्ही, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

वर्थमना मी राक्षस म्हणणार नाही. त्यांनी 1946 साली हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांसाठी मानसोपचाराचा दवाखाना काढला होता. जिथे गोरे डॉक्टर पाऊल टाकायला तयार नसत तिथे ते जात होते. शाळांतल्या वर्णभेदाने मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याची त्यांनी दिलेली साक्ष अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेल्या खटल्यात उपयोगी पडली. भला माणूस. म्हणूनच त्यांनी जे केलं ते मला जास्त टोचतं. त्यांचे कागद अभ्यासकांसाठी खुले झाल्यावर कॅरोल टिली या संशोधक बाईंनी ते तपासले आणि 2012 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिलं, की डॉक्टरांनी मुलांची वयं, जबान्या, तपशील सोयीने फिरवले होते. बॅटमॅनच्या बाबतीत ज्या एका तरुणाचा दाखला पुस्तकात आहे, तो प्रत्यक्षात एक तरुण नव्हताच. ते दोघे होते आणि एकमेकांचे जोडीदार होते. टार्झन आणि सब-मरिनर आपल्याला बॅटमॅनपेक्षा जवळचे वाटतात, असंही त्यांनी सांगितलं होतं. ते पुस्तकातून गळालं.

शिक्क्या, हे नीट ऐक. एक प्रेमी जोडपं त्या काळात, जेव्हा हे बोलणंसुद्धा धोक्याचं होतं, एका डॉक्टरसमोर बसून आपल्याविषयी बोललं. डॉक्टरांनी त्या दोघांचा एक रुग्ण केला, त्यांच्या बोलण्यातलं सोयीचं तेवढं उचललं आणि त्यावर इमारत बांधली. तुझा पाया हा आहे. माणूस समोर बसलेला असताना त्याचं न ऐकणं.

तुझे पहिले कारभारी चार्ल्स मर्फी, न्यूयॉर्कचे दंडाधिकारी. त्यांचा एकच निवाडा सांगतो, कारण तुझी सगळी जात त्यात दिसते. ‘ईसी’ या प्रकाशनाकडे एक जुनी गोष्ट होती. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव मालक आणि निळे यंत्रमानव बसच्या मागच्या बाकांवर. आतून दोघांची घडण तंतोतंत सारखी. तो त्यांना सांगतो, तुम्ही अजून आमच्यात येण्याजोगे झालेले नाही. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि दिसतो एक काळा माणूस, चेहऱ्यावर घामाचे थेंब. मर्फींनी सांगितलं, काळा माणूस चालणार नाही. संपादक अल फेल्डस्टीन आणि प्रकाशक बिल गेन्स अडून बसले, गोष्टीचा जीवच त्यात आहे म्हणाले. मग मर्फी एवढ्यावर आले, की निदान तो घाम तरी पुसा. गेन्सनी तोही पुसला नाही. 1956 साली गोष्ट जशीच्या तशी छापली आणि कॉमिक्सचा धंदाच बंद केला. घामाच्या थेंबांना भिणाऱ्या तुझ्यासारख्याकडे आम्ही सभ्यतेचा दाखला मागत होतो.

तुझ्या भीतीने काय काय घडलं ते पाहा. वर्थमच्या आरोपानंतर 1956 साली बॅटमॅनच्या आयुष्यात बॅटवुमन आणली गेली. बॅटमॅनला बाईत रस आहे हे दिसावं, एवढंच तिचं काम. पन्नास वर्षांनी, 2006 साली, डीसी या कंपनीने तीच बॅटवुमन नव्याने उभी केली, केट केन या नावाने, आणि ती समलिंगी आहे हे उघड सांगितलं. ज्या बाईला पडदा म्हणून टांगलं होतं तिनेच तो फाडला. तरी तुझी सावली हटली नव्हती. 2013 साली केटचं तिच्या प्रेयसीशी लग्न दाखवायला कंपनीने नकार दिला आणि जे. एच. विल्यम्स आणि डब्ल्यू. हेडन ब्लॅकमन या जोडगोळीने ती मालिका सोडली. कंपनीचं म्हणणं, आमच्या नायकांनी सुखाचा संसार करायचा नसतो. सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांची लग्नं थाटात छापणाऱ्या धंद्यात हे कारण द्यायला धाडस लागतं.

मार्व्हल कंपनीच्या नॉर्थस्टारचं सांगतो, कारण त्याच्यावर तू सगळ्यात जास्त अन्याय केलास. हा कॅनडाचा ज्याँ-पॉल बोबिए, वाऱ्यासारखा धावणारा, फटकळ, गर्विष्ठ. जॉन बर्न या चित्रकाराने तो समलिंगी आहे हे मनाशी धरूनच घडवला होता. सांगता मात्र येत नव्हतं. कंपनीचं धोरण आडवं यायचं आणि पाठीशी तू. म्हणून वर्षानुवर्षं नुसत्या खुणा: एखादं वाक्य, एखादी नजर, बायकांविषयी असलेली बेफिकिरी. 1980च्या दशकात दुसऱ्या लेखकाने, बिल मँटलोने, त्याला आजारी पाडलं. खोकला, अशक्तपणा, सगळी लक्षणं एड्सची. तो मरणार होता. मग वरून हुकूम आला आणि गोष्ट फिरवली गेली. निदान असं निघालं, की तो अर्धा परीवंशातला आहे आणि आपल्या लोकांपासून दूर राहिल्यामुळे आजारला आहे! समलिंगी माणूस असण्यापेक्षा परीवंशातला असणं तुला सोपं गेलं. माणसाच्या पोटी माणूस म्हणून जन्मलेला तो तेवढा तुला नको होता.

1989 साली तुझे नियम सैल झाले आणि 1992 साली ‘अल्फा फ्लाइट’च्या 106व्या अंकात नॉर्थस्टारने आपण समलिंगी आहोत हे तोंडाने सांगितलं. मी तो अंक खूप उशिरा वाचला. खरं सांगायचं तर गोष्ट बेतास बात आहे. नॉर्थस्टारला टाकून दिलेली एक तान्ही मुलगी सापडते, तिला एड्स आहे, तो तिला आपली म्हणतो. मग एक वृद्ध वीर संतापून चालून येतो. त्याचा समलिंगी मुलगा एड्सने गेला तेव्हा कुणी अश्रू ढाळले नव्हते, आणि या बाळासाठी सगळा देश हळहळतो आहे हे त्याला सहन होत नाही. दोघे एकमेकांना इमारतींवर आपटत भाषणं करतात. चित्रं बटबटीत, संवाद कर्कश. पण त्या म्हाताऱ्या बापाच्या रागाशी मी थांबलो. मुलगा गेला आणि शोक करायलाही परवानगी नव्हती. असे बाप मला माहीत आहेत. तंजावरातही आहेत, पुण्यातही आहेत. मुलगा कशाने गेला हे ते अजून ‘तापाने’ असंच सांगतात. 2012 साली नॉर्थस्टारने काईल जिनाडूशी लग्न केलं, मुखपृष्ठावर वाजतगाजत. तोवर तू संपला होतास.

आता तू म्हणशील, हे सगळं अमेरिकेतलं, तंजावरच्या माणसाने मला कशाला पत्र लिहावं?

लिहितो, कारण तुझं काम करणारे इथे तुझ्या आधीपासून होते.

तंजावरच्या प्रतापसिंहराजांच्या दरबारात, म्हणजे 1739 ते 1763 या काळात, मुद्दुपळनी नावाची गणिका होती. विदुषी, गायिका, कवयित्री. तिने तेलुगूत ‘राधिकासांत्वनमु’ लिहिलं. त्यात समलिंगी प्रेम नाही. राधा रुसली आहे आणि कृष्णाने तिची समजूत काढायची आहे, एवढीच कथा. वेगळेपण एवढंच, की शृंगारात बाईला काय हवं ते बाई सांगते आणि पुरुषाने ते ऐकायचं असतं. मराठी राजाच्या दरबारात, तमिळ मुलखात, तेलुगूत एका बाईने हे लिहिलं आणि दरबाराने तिचा मान केला. पुढे दीडशे वर्षांनी बंगळूरच्या गायिका नागरत्नम्मांना त्याची प्रत वाचायला मिळाली. आधीच्या छापील प्रतीत काटछाट झालेली, कवयित्रीचं स्वतःविषयीचं निवेदनही उडवलेलं. त्यांनी हस्तलिखित मिळवून 1910 साली मद्रासच्या वाविळ्ळा प्रकाशनाकडून ते संपूर्ण छापून आणलं. लगेच ओरड झाली. 1911 साली पोलिसांनी प्रती जप्त केल्या, पुस्तकावर बंदी आली. ती उठायला स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मद्रास प्रांतात टी. प्रकाशम यांचं सरकार यावं लागलं. 1952 साली ते पुन्हा छापलं गेलं.

बंदी इंग्रज सरकारची, हे खरं. पण वाट आपल्याच माणसाने दाखवली होती. कंदुकूरि वीरेशलिंगम पंतुलू, आंध्रातले थोर समाजसुधारक, 1881 साली राजमहेंद्रीत विधवाविवाह लावणारा माणूस. बाईने पुन्हा लग्न करावं म्हणून ज्याने शिव्याशाप खाल्ले, त्यालाच मुद्दुपळनी सहन झाली नाही. बाईच्या तोंडी असलं शोभत नाही, असं त्यांचं मत. वर्थम आणि वीरेशलिंगम, दोघांची एकमेकांना ओळख असण्याचा प्रश्नच नाही, पण पंगत एकच. दोघेही दुबळ्यांसाठी आयुष्य झिजवणारे. दोघांनाही दुबळा माणूस कनवाळूपणे वाचवायला हवा होता. तो स्वतःच्या इच्छेविषयी बोलू लागला, की दोघांचेही कान मिटत.

तीच नागरत्नम्मा पुढे तिरुवैयारूला आली, तंजावरहून जेमतेम तासाभराच्या आत. संगीतकार त्यागराजांची समाधी पडीक होती, तिथे तिने आपल्या पैशांनी मंदिर उभारलं. आराधनेत बायकांना गायला बसू देत नव्हते, तर तिने बायकांचा वेगळा जथा काढला. आज जानेवारीत हजारो लोक तिथे पंचरत्न कीर्तनं गातात. त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल, की ही बाई एका जप्त पुस्तकाची संपादिका होती?

मंदिरांचा विषय निघालाच आहे तर बृहदीश्वराचं सांगतो, कारण माझ्याविषयी कळलं की आप्तमंडळी मला हटकून तिकडेच नेतात. राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेलं ते देऊळ. त्याच्या विमानाच्या भिंतीवर कोनाड्यात अर्धनारीश्वर आहे. त्याच आवारात सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे, भिंतीच्या भिंती भरून. तिरुवेंकाडूचा चोळकालीन ब्राँझचा अर्धनारीश्वर चेन्नईच्या संग्रहालयात आहे, तो पाहण्याजोगा आहे: शिवाच्या बाजूला दोन हात, पार्वतीच्या बाजूला एक, आणि तरी तोल कुठे ढळलेला दिसत नाही. काका मला म्हणतात, बघ, आपल्या संस्कृतीत हे सगळं आहेच, तू उगाच आरडाओरडा कशाला करतोस?

काकांना मी तुझ्याच साक्षीने उत्तर देतो. तुम्ही आम्हाला घेता, पण अटीवर घेता. अर्जुन बृहन्नडा होतो, तेव्हा ते अज्ञातवासातलं सोंग असतं आणि शाप असतो. मुदत संपली की गांडीव हातात. अर्जुनपुत्र अरावानाचं मोहिनीरूपातल्या कृष्णाशी लग्न होतं, तर एका रात्रीपुरतं, आणि सकाळी त्याचा बळी जातो. कूवागमला दर चैत्रात तिरुनंगै, म्हणजे पारलिंगी, बायका त्याच्या नावाने ताली बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तोडून छाती पिटतात. मी ते रडणं ऐकलं आहे, ते सोंग नव्हे. शिखंडी रणात उभा राहतो तो दुसऱ्याच्या बाणाला आडोसा म्हणून. सोंग म्हणून चालेल, शाप म्हणून चालेल, मरून गेल्यावर तर फारच चालेल. शिक्क्या, तुझ्या अमेरिकन नायकांनाही याच तीन वाटा मोकळ्या होत्या: मुखवटा घाला, उत्परिवर्तनाचा शाप म्हणा, नाहीतर मरा. ‘एक्स-मेन’च्या 2003च्या सिनेमात बॉबी ड्रेक घरी सांगतो की आपण म्युटंट आहोत, आणि आई विचारते, तू तसं नसण्याचा प्रयत्न केलास का? चित्रपटगृहात बाकीचे हसले. मला माझी आई दिसली. त्याच बॉबीला, म्हणजे आइसमॅनला, कॉमिक्समध्ये आपण समलिंगी आहोत असं म्हणायला 2015 साल उजाडलं. 1963 पासूनचा नायक!

अर्धनारीश्वर कोनाड्यात असूनही घरात जागा मिळत नाही, याचा पुरावा म्हणून मला परदेशी जायला नको. मदुराईत, अर्धनारीश्वराला हात जोडणाऱ्या गावात, एक पारलिंगी मूल घराबाहेर पडलं. नाचाचं वेड घेऊन ती तंजावरला आली, के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्या दारात. किट्टप्पा म्हणजे सरफोजींच्या दरबारातल्या त्या चार भावांच्या, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु यांच्या वंशातले. आज भरतनाट्यमचा जो क्रम जगभर नाचला जातो तो या चौघांनी बसवला. गुरूंनी तिला लगेच जवळ केलं नाही, वाट पाहायला लावलं. पण मग शिकवलं ते वर्षानुवर्षं, आणि तिला नाव दिलं: नर्तकी. 2019 साली नर्तकी नटराज यांना पद्मश्री मिळाली, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या पारलिंगी व्यक्ती. पडद्यामागून नाही, सोंग म्हणून नाही. त्या रंगमंचावर नायिका असतात आणि खाली उतरल्यावरही त्याच असतात. आज तमिळनाडूच्या शालेय पुस्तकात त्यांच्यावर पाठ आहे. लहानपणी मला असा एक पाठ मिळाला असता तर मायावीच्या पोलादी हातावर एवढा भार पडला नसता.

आणि आता दुसऱ्या एका न्यायाधीशाचं ऐक, तुझ्या मर्फींच्या समोर ठेवण्यासाठी. 2021 साली मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर दोन तरुणींचं प्रकरण आलं. घरच्यांच्या विरोधामुळे मदुराईहून चेन्नईला पळून आलेल्या, पोलिसांचा ससेमिरा मागे. न्यायमूर्तींनी उघडपणे मान्य केलं, की या विषयात आपली समज अपुरी आहे. मग ते स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन बसले, प्रश्न विचारले, शंका मांडल्या, आणि 7 जूनला आदेश दिला. पोलिसांनी अशा जोडप्यांना छळू नये, ‘उपचार’ करून माणसं बदलण्याचे प्रकार बंद व्हावेत, शाळांतून आणि न्यायालयांतून लोकांना शिकवावं. 2022 साली तमिळनाडूने पोलिसांच्या आचारनियमांत त्याप्रमाणे दुरुस्ती केली. माणूस समोर बसला आणि न्यायाधीशाने ऐकून घेतलं. एवढ्याने काय होतं ते तुला आता कळलं असेल.

पण त्याच 2021च्या नोव्हेंबरची गोष्ट मला झोपू देत नाही. 9 नोव्हेंबरला डीसीच्या ‘सुपरमॅन: सन ऑफ काल-एल’चा पाचवा अंक आला. सुपरमॅनचा मुलगा जॉन केंट, नवा सुपरमॅन, जगभरच्या हाका एकाच वेळी ऐकू येऊन अक्षरशः थकून कोसळतो. त्याचा मित्र जय नाकामुरा त्याची शुश्रूषा करतो. शुद्धीवर आल्यावर दोघे एकमेकांचं चुंबन घेतात. जॉन उभयलिंगी आहे हे कंपनीने आदल्याच महिन्यात जाहीर केलं होतं. टॉम टेलरचं लेखन, जॉन टिम्सची चित्रं. माझ्या मते गोष्ट गोड आहे, थोडी पुळचट, पण नॉर्थस्टारच्या अंकापेक्षा कितीतरी शहाणी. सगळ्यांना वाचवणाऱ्यालाही कुणीतरी पाणी द्यावं लागतं, हे त्यात नीट आलं आहे.

त्याच नोव्हेंबरात आपल्या एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी केलेली पुस्तिका संकेतस्थळावर टाकली आणि तक्रारी येताच काही दिवसांत काढून घेतली. पुस्तिका मुलांसाठी नव्हतीच, शिक्षकांसाठी होती. शौचालय कुठलं, गणवेश कुठला, इतर पोरं चिडवत असतील तर मास्तरांनी काय करावं, अशा रोजच्या गोष्टी. चिडवण्याने शाळा सोडणारं मूल कसं दिसतं हे मला वर्णन करून सांगायची गरज नाही, मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसलो होतो. शाळेने त्याच्या बापाला बोलावून ‘जरा पुरुषासारखं वागायला शिकवा’ असं सांगितलं होतं. न्यायमूर्ती व्यंकटेश यांनी पुढच्याच महिन्यात त्या पुस्तिकेच्या माघारीबद्दल नाराजी नोंदवली. मेट्रोपोलिसच्या वीराला जे चुंबन मिळालं ते मिळालं, पण तंजावरच्या पाचवीतल्या मुलाला शाळेतलं शौचालयसुद्धा बिनधास्त मिळू नये, यासाठी इथे तुझ्याशिवायच तुझं काम झालं.

तुझा शेवट कसा झाला तेही वाचकांना सांगतो. मार्व्हलने 2001 साली तुला सोडलं. जानेवारी 2011 मध्ये डीसी आणि आर्ची यांनी सोडलं आणि तू संपलास. तुझे हक्क गेले ते कॉमिक्सच्या लेखकांना आणि दुकानदारांना सेन्सॉरशिपविरुद्ध कोर्टात मदत करणाऱ्या एका संस्थेकडे. तू गेल्यावरही, 2019 साली, ब्राझीलमधल्या रिओच्या पुस्तक जत्रेत तिथल्या महापौरांनी विकन आणि हल्कलिंग या दोन तरुण वीरांच्या चुंबनापायी ‘अ‍ॅव्हेंजर्स’चं एक पुस्तक जप्त करायला माणसं पाठवली. ती पोचेपर्यंत प्रती संपल्या होत्या, आणि ‘फोल्हा दे साओ पाउलो’ या वृत्तपत्राने ते चुंबन पहिल्या पानावर छापलं. तसं एखादं पहिलं पान मराठीत कधी निघेल?

मराठी मुलांच्या वाट्याला आज स्वतःचे वीर आहेतच कुठे? इंद्रजाल 1990 साली बंद पडलं, आणि ते होतं तेव्हाही वेताळ आणि मँड्रेक परकेच. मोठ्यांसाठी 1981 साली तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणलं, 2006 साली सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्ल्यू’ आलं. बारा वर्षांच्या मुलासाठी काय आहे? तिथे तुझ्या नावाचा शिक्का नसूनही पान कोरं आहे, आणि या कोरेपणाचा दोष तुझ्या माथी मारायला मला जमत नाही.

म्हणून या पत्राच्या प्रती मी मराठी बालमासिकांच्या संपादकांना पाठवतो आहे. सोबत एक चित्रकथा जोडली आहे, सोळा पानांची. तंजावरची एक मराठी मुलगी, दोन आयांची, पाण्याचा आवाज ऐकून पूर कुठून येणार हे तिला आधी कळतं. कावेरीकाठची असल्याने पहिल्याच गोष्टीत कल्लणैच्या धरणावर तिची कसोटी लागते. विचारणा एवढीच आहे: छापता का, आणि छापत नसलात तर कारण लेखी द्याल का? त्यांची उत्तरं येतील तशी मी प्रसिद्ध करीन. तुझं उत्तर नको.

कळावे,
तंजावरचा एक मराठी वाचक